होंडा सीएक्स५०० टर्बो: सगळा दोष टर्बोच्या माथी मारू नका, या चुका टाळा

गाडी धूर सोडते, टर्बो गेला. ओढत नाही, टर्बो गेला. सकाळी चालूच होईना, तरी संशय टर्बोवरच. होंडाच्या सीएक्स५०० टर्बो या मोटारसायकलच्या नशिबी चाळीस वर्षं हेच आलंय. (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा.) या गाडीच्या दुखण्यांची यादी काढली तर टर्बो त्यात बराच खाली सापडतो. वरच्या ओळींत असतात जळालेला स्टेटर, वॉटर पंपाचं सील, लाकडासारखे कडक झालेले रबरी पाइप, हिरवे पडलेले कनेक्टर आणि आधीच्या मालकाने केलेले प्रयोग.

होंडाने ही गाडी १९८० साली जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात दाखवली आणि १९८२ चं मॉडेल म्हणून विकली. ४९७ सीसी, दोन सिलिंडर, ८२ बीएचपी. अमेरिकेत किंमत ४,८९८ डॉलर. आपल्याकडे तेव्हा बुलेट, राजदूत आणि येझदी एवढ्यात मोटारसायकलचं जग संपत होतं, त्यामुळे बहुतेकांनी ती फोटोतच पाहिली. पण ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेत राहणाऱ्या कुणा मराठी हौशी गड्याच्या नजरेला आजही जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत ती पडू शकते: ‘उत्तम स्थिती, किरकोळ काम बाकी.’ ते किरकोळ काम काय असतं ते ओळखता आलं पाहिजे. (गाडी घेऊन भारतात आणायचा बेत असेल तर आधी आयातीचे नियम वाचा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी सर्वसाधारण वाटेने आत येत नाही.)

‘पहिली टर्बो मोटारसायकल कोणती?’ हा वाद भलत्या टोकाने घालणं

कावासाकीवाले आणि होंडावाले यांच्यात हा वाद कायमचा आहे. १९७८ साली अमेरिकेत कावासाकीच्या शोरूममध्ये झेड१आर-टीसी मिळायला लागली, हे खरं. पण ती कावासाकीच्या कारखान्यातून टर्बो लावून निघालेली नव्हती. कंपनीचे माजी अधिकारी अ‍ॅलन मासेक यांच्या टर्बो सायकल कॉर्पोरेशनने तयार झेड१आर गाड्यांवर बाहेरचं किट चढवून त्या डीलरांमार्फत विकल्या. १,०१५ सीसीच्या त्या इंजिनाचं पोट मूळचंच. त्यातला क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) दाबून बसवलेल्या तुकड्यांचा, जोर पडला की जागेवरून फिरायचा, म्हणून जाणकार तो वेल्ड करून घ्या असं सांगायचे. वॉरंटी नव्हती आणि घेणाऱ्याकडून तसं सहीनिशी लिहून घेतलं जायचं. दोन वर्षांत मिळून सुमारे ५०० गाड्या झाल्या.

होंडाने उलटा रस्ता धरला. टर्बो गृहीत धरून इंजिन, इंधनपुरवठा, फ्रेम, सस्पेन्शन सगळं नव्याने मांडलं आणि वॉरंटीसकट गाडी विकली. एका गाडीवर टर्बो चढवलेला आहे, दुसरी टर्बोभोवती बांधलेली आहे. हा फरक लक्षात न घेतल्याने पुढच्या बहुतेक चुका होतात, पाना हातात घेतल्यावरही.

आणखी एक गफलत हल्ली वाढली आहे. २०१५ साली आलेल्या कावासाकी निन्जा एच२ ला लोक सर्रास टर्बो म्हणतात. ती सुपरचार्जरची गाडी आहे. तिचा पंखा इंजिनाच्या क्रँकवरून गिअरने फिरतो, टर्बोचा पंखा सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर फिरतो. वाया जाणाऱ्या वायूकडून हवा दाबून घ्यायची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांची, पेटंट १९०५ चं. म्हणजे ही युक्ती दोन चाकांवर येऊन शोरूमपर्यंत पोहोचायला पाऊण शतक गेलं.

टर्बो काढला की साधी सीएक्स उरते, असं समजणं

साधी सीएक्स५०० म्हणजे १९७८ च्या सुमारास आलेली, पाण्याने थंड होणारी, पुशरॉडची, शाफ्ट ड्राइव्हची गाडी. दिसायला ओबडधोबड, पण लंडनच्या कुरिअरवाल्यांनी तिच्यावर लाखो मैल काढले. दोन्ही सिलिंडर ८० अंशांच्या कोनात बाहेर काढलेले, आणि कार्ब्युरेटर चालवणाऱ्याच्या गुडघ्यांना लागू नयेत म्हणून दोन्ही हेड २२ अंशांनी आतल्या बाजूला वळवलेली. ताकद ५० बीएचपी.

टर्बो लावायला हे इंजिन सोयीचं नव्हतंच. दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर, मधला कोन ८० अंश, म्हणून स्फोट एकदा २८० अंशांनी होतो आणि पुढचा ४४० अंशांनी. नळाला पाणी यायच्या आधी हवा-पाणी मिसळून जसं फुरफुरत येतं, तसा टर्बाइनला (टर्बोतल्या, वायूवर फिरणाऱ्या चाकाला) वायू मिळतो. शिवाय एकेक सिलिंडर जेमतेम २५० सीसीचा. होंडाच्या दुकानात चार सिलिंडरची इंजिनं काही कमी नव्हती. तरी यांनी हेच निवडलं. पाण्याने थंड होतं, खालचा भाग दणकट होता, ही कारणं आहेतच. पण मला विचाराल तर ‘सगळ्यात अवघड इंजिनावर करून दाखवतो’ ही खुमखुमीही त्यात असावी.

आयएचआय या जहाजं आणि अवजड यंत्रं बांधणाऱ्या जपानी कंपनीने त्यासाठी एक चिमुकला टर्बो घडवला. टर्बाइनचं चाक पाचेक सेंटीमीटर व्यासाचं, तळहातावर मावेल एवढं, आणि पूर्ण जोरात मिनिटाला पावणेदोन-दोन लाख फेरे घेणारं. तेव्हा एवढा छोटा टर्बो उत्पादनात नव्हता. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेवर चढवलेला जादा दाब, साधारण १७ ते १९ पीएसआय. म्हणजे वातावरणाचा दाब धरून सिलिंडरच्या तोंडाशी नेहमीच्या दुपटीपेक्षा जास्त दाब. हा धक्का सोसावा म्हणून पिस्टन फोर्ज केलेले, क्रँक आणि क्लच वाढीव ताकदीचे, आणि कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा पिस्टन किती पट दाबतो तो आकडा) १० वरून ७.२ वर उतरवलेला. हवेचे हेलकावे शांत व्हावेत म्हणून कॉम्प्रेसर (टर्बोचं हवा दाबणारं टोक) आणि थ्रॉटल यांच्यामध्ये हवेची मोठी टाकी. आणि या सगळ्यावर कंप्युटरने चालणारं फ्युएल इंजेक्शन. इनटेकमधला दाब, हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, थ्रॉटल किती उघडला आहे, क्रँक कुठे आहे, हे सगळं मोजून पेट्रोल किती सोडायचं ते तो ठरवतो. १९८२ साली मोटारसायकलवर!

आता चुका बघा. पहिली तऱ्हा: इंजेक्शन कटकट देतं म्हणून ते आणि टर्बो दोन्ही काढायचे, भंगारातल्या साध्या सीएक्सचे कार्ब्युरेटर बसवायचे. गाडी चालू होते, हे खरं. पण हातात राहतं ७.२ कॉम्प्रेशनचं मिणमिणतं इंजिन, साध्या सीएक्सच्याही ५० बीएचपीला न पोहोचणारं, आणि ते ओढणार २४० किलोंची गाडी. वर दुर्मिळ गाडीची किंमत गेली ती वेगळी.

दुसरी तऱ्हा जास्त महागात पडते. टर्बोचं इंजिन बसलं म्हणून साध्या सीएक्स५०० चं इंजिन किंवा पिस्टन आत घालायचे आणि टर्बो तसाच ठेवायचा. बाहेरून सगळं जुळल्यासारखं वाटतं. १० च्या कॉम्प्रेशनवर एवढा बूस्ट चढवला की पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आधीच फुटतं, आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला एखादा चढही पुरतो. गाडी घेताना इंजिनाचा नंबर मूळ कागदांशी जुळतो का ते याचसाठी पाहायचं.

बूस्ट ‘जरासा’ वाढवणं

वेस्टगेट म्हणजे टर्बोचं सुटकेचं दार. बूस्ट ठरलेल्या आकड्याला पोहोचला की डायफ्रॅम (दाबाने हलणारा पडदा) दांडी ढकलतो, झडप उघडते आणि जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. दांडीची लांबी बदलली किंवा डायफ्रॅमकडे जाणाऱ्या नळीत अडथळा घातला की बूस्ट वाढतो, एवढं ज्ञान अर्ध्या तासात मिळतं. न मिळणारं ज्ञान हे, की या गाडीत इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, नाही. ३० अंशांची हवा एवढ्या दाबाला दाबली की ती १०० अंशांच्या बरीच वर जाते आणि तशीच सिलिंडरमध्ये शिरते. होंडाने कॉम्प्रेशन एवढं उतरवलं ते याच गरमीसाठी. मोकळी ठेवलेली जागा आधीच वापरून झालेली आहे. त्यात आणखी पीएसआय कोंबायला वाव नाही.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत वेस्टगेट गंजून बसलेलंही असतं. डायफ्रॅमच्या नळीला गेज असलेला हातपंप लावून हळूहळू दाब द्या आणि दांडी हलते का, दाब सोडल्यावर परत येते का, डायफ्रॅम दाब धरतो का, हे तीन पाहा. दांडी पकडीने ओढून सोडवायच्या भरात वाकवू नका.

मोकळा आवाज करणारा सायलेन्सर हीही त्याच जातीची हौस. या कंप्युटरला एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनचा सेन्सर नाही, त्यामुळे तो नवीन पाइप ‘शिकत’ नाही. १९८२ साली भरलेल्या आकड्यांवरच तो पेट्रोल देत राहतो.

गाडी बघायला जाऊन फक्त टर्बो बघणं

विकणारा टर्बोची शिट्टी ऐकवतो, घेणारा खूश होतो. मल्टिमीटर घेऊन जाणारा क्वचित.

सीएक्स कुळाचा जुना रोग म्हणजे स्टेटर, वीज बनवणारी तारांची गुंडाळी. ती इंजिनाच्या मागच्या कव्हरमध्ये गरम ऑइलमध्ये बसलेली असते आणि ते कव्हर काढायचं तर पूर्ण इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं. साध्या सीएक्सला हे शनिवार-रविवारचं काम. टर्बोला आधी फेअरिंग, मग एक्झॉस्ट, टर्बोच्या ऑइलच्या नळ्या, हवेची टाकी, इंजेक्शनच्या तारा, आणि त्यातले चाळीस वर्षांचे बोल्ट तुटले नाहीत तर नशीब.

वीज कमी पडली की या गाडीचं सगळंच बिघडतं, कारण पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, इग्निशन आणि कंप्युटर एकाच बॅटरीवर जगतात. व्होल्टेज उतरलं की गाडी अडखळते, बूस्टवर फटफटते. अगदी टर्बो गेल्यासारखी लक्षणं!

तपासणी सोपी आहे. इंजिन नीट गरम होऊ द्या, थंड इंजिनावरचा आकडा फसवतो. हेडलाइट चालू ठेवा, साधारण ४,००० आरपीएमवर बॅटरीच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजा. १४ च्या आसपास हवं. साडेबाराच्या पुढे काटा सरकत नसेल तर इंजिन बंद करा आणि स्टेटरकडून येणाऱ्या तीन पिवळ्या तारांचा कनेक्टर शोधा. सोडायच्या आधी नुसता बघा: प्लास्टिक तपकिरी झालंय का, पिना वितळून चिकटल्यात का, जळका वास येतो का. बऱ्याचदा दुखणं इथेच सापडतं आणि नवीन कनेक्टरवर भागतं. नाही भागलं तर दोन-दोन तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा, तिन्ही जोड्यांत अगदी कमी आणि एकसारखा हवा. शेवटी एकेक पिवळी तार आणि इंजिनाची बॉडी यांच्यात मोजा. इथे काहीही जोड दिसता कामा नये. दिसला तर गुंडाळी जळून लोखंडाला टेकली आहे, इंजिन उतरणार. किमतीची बोलणी तिथूनच पुन्हा सुरू करा.

त्याच मागच्या कव्हराखाली, वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला, एक बारीक भोक आहे. पुसून कोरडं करा, गाडी फिरवून आणा, परत बघा. हिरवट पाणी टिपकत असेल तर पंपाचं मेकॅनिकल सील गेलंय. विकणाऱ्याने ‘गळती थांबवली’ असं अभिमानाने सांगितलं आणि भोक सीलंटने बुजवलेलं दिसलं, तर गाडीला हात न लावता घरी या. ते भोक पाणी बाहेर जावं म्हणूनच दिलेलं आहे. बुजवलं की पाण्याला उरलेली वाट इंजिनाच्या ऑइलकडे जाते, आणि पाणी मिसळलेल्या ऑइलवर टर्बोची बेअरिंग किती टिकणार?

स्टेटर, सील आणि कॅमची साखळी, तिन्ही याच कव्हरामागे आहेत. म्हणून सीएक्सवाले या तिहेरी कामाला गमतीने ‘ट्रिपल बायपास’ म्हणतात. इंजिन एकदा उतरलं की तिन्ही बदलून टाका. पैसे वाचवायला साखळी तशीच ठेवणारे पुढच्या वर्षी पुन्हा तेच बोल्ट सोडताना दिसतात.

कंप्युटरला घाबरून तोच बदलणं

डॅशवर फ्युएल सिस्टीमचा दिवा लागला की लोक थेट दुसरा कंप्युटर शोधायला निघतात. तो मिळतो महाग, तोही कुणाच्या तरी काढून ठेवलेल्या गाडीतला. त्या काळचं हे डबडं मात्र बऱ्यापैकी शहाणं आहे. एखादा सेन्सर मेला तर त्याच्या जागी ठरावीक आकडा धरून इंजिन चालू ठेवतं, म्हणजे गाडी घरापर्यंत येते. दिवा लागणं याचा अर्थ कंप्युटर मेला असा नाही. तो तक्रार करण्याइतका जिवंत आहे.

आधी बॅटरी, मग अर्थिंग, मग कनेक्टर, मग सेन्सर, सगळ्यात शेवटी कंप्युटर. हा क्रम मोडू नका. एकेक कनेक्टर सोडा, पिनांवरची हिरवी बुरशी साफ करा, परत घट्ट बसवा. अर्थिंगची टोकं फ्रेमला जिथे जोडली आहेत तिथला रंग-गंज खरवडा. दाब मोजणाऱ्या सेन्सरांकडे जाणाऱ्या बारीक रबरी नळ्या हाताने वाकवून बघा. वळणावर एक केसाएवढी चीर असली तरी सेन्सरला दाब कमी दिसतो आणि बूस्टवर असताना पेट्रोल कमी पडतं. दहा-वीस रुपयांची नळी आणि हजारोंचा कंप्युटर यांत आधी काय बदलायचं हे सांगायला नको.

टर्बो ते टाकी आणि टाकी ते थ्रॉटल यांच्यामधल्या जाड होजचंही तेच. रबर कडक होऊन क्लिपखाली सैल पडतं. मंद चालीत काही कळत नाही, बूस्ट आला की हवा तिथून निसटते आणि गाडी दमल्यासारखी वाटते. हवेचा मार्ग एका टोकाला बंद करून अगदी हलका दाब द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडा, फुगे लगेच दिसतील.

बंद पडलेली गाडी दुसऱ्या, इंजिन चालू असलेल्या कारच्या बॅटरीवरून चालू करणं आणि कंप्युटरचा कनेक्टर न काढता फ्रेमवर वेल्डिंग करणं, ही दोन कामं मात्र त्या डबड्याला खरंच मारू शकतात.

वर्षानुवर्षं उभी गाडी थेट बटण दाबून जागी करणं

इथे घाई करणारा दोनदा फसतो, एकदा ऑइलने, एकदा पेट्रोलने.

ऑइलचं आधी. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. गाडी लांबचा काळ उभी असली की तिथलं ऑइल खाली उतरून गेलेलं असतं. नवीन ऑइल आणि फिल्टर घाला. पेट्रोल पंपाचा कनेक्टर काढून पुरवठा बंद करा. स्पार्क प्लग काढून, कॅपमध्येच ठेवून, भोकांपासून लांब इंजिनाच्या धातूला टेकवा. मग स्टार्टर थोडा थोडा मारत राहा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझल्यावरही दोन-चार वेळा मारा, वर टर्बोपर्यंत ऑइल पोहोचायला. मग सगळं जोडून गाडी चालू करा आणि मूठ पिळू नका.

पेट्रोलच्या बाबतीत एक चूक जीवघेणी आहे. जुनी नळी तडकलेली दिसली की लोक कोपऱ्यावरच्या दुकानातून साधी पेट्रोलची नळी आणून लावतात. कार्ब्युरेटरची गाडी असती तर चाललं असतं. इंजेक्शनच्या गाडीत पंप नळीत सतत दाब धरतो. साधी नळी फुगते, क्लिपमधून निसटते, आणि पेट्रोलची पिचकारी लालबुंद टर्बोच्या दिशेने उडते. इंजेक्शनसाठीचीच जास्त दाबाची नळी आणि तिच्याच क्लिपा वापरा. काम करताना आधी नळीतला दाब चिंधी धरून हळूच सोडा.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९८२ च्या रबराला ते मानवत नाही, शिवाय टाकीत पाणी ओढून घेतं. हिवाळ्यात गाडी झाकून ठेवायची असेल तर असं पेट्रोल आत ठेवून जाऊ नका. इंजेक्टरची भोकं बारीक असतात, चिकटा धरला की एक सिलिंडर उपाशी राहतो आणि आरोप अर्थातच टर्बोवर येतो.

ऑइल, आणि किल्ली फिरवायची घाई

टर्बोसाठी चांगलं म्हणून कारचं महागडं सिंथेटिक ऑइल ओतणारे भेटतात. या गाडीत इंजिन, गिअर आणि ओला क्लच एकाच ऑइलवर चालतात. इंधन वाचवणाऱ्या कार ऑइलमधले घसरपदार्थ क्लचलाही घसरवतात आणि बूस्ट आला की इंजिन ओरडतं, गाडी जागच्या जागी. जासो एमए शिक्का असलेलं मोटारसायकलचंच ऑइल घ्या आणि ते लवकर लवकर बदला.

टर्बोला पाण्याने थंड करायची सोय नाही. महामार्गावर गाडी ताणून पेट्रोल पंपावर आलात आणि लगेच किल्ली फिरवलीत तर ऑइलचा प्रवाह थांबतो. आत अडकलेलं ऑइल टर्बाइनच्या उष्णतेने करपून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी नळी अरुंद झालेली असते. एक-दोन मिनिटं मंद इंजिन चालू राहू द्या. हेल्मेट आणि हातमोजे काढेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

निळा धूर म्हणजे टर्बो गेला

नक्की नाही. टर्बोतून परत येणारं ऑइल नुसत्या उताराने खाली येतं. ती परतीची नळी करपटाने अर्धी बुजली की ऑइल सीलमधून वाट काढतं, आणि टर्बो नवा बसवला तरी धूर तसाच राहतो. इंजिनाच्या ब्रीदरची (आत कोंडलेली वाफ बाहेर सोडणारी) नळी तुंबली तरी तेच. इनटेकच्या पाइपमध्ये बोट फिरवल्यावर ऑइलचा पातळ थर लागतो, त्याने दचकू नका.

टर्बो खरंच तपासायचा तर थंड इंजिनावर इनटेकचा पाइप काढा आणि कॉम्प्रेसरचा दांडा दोन बोटांत धरा. आडवा किंचित हलला तर चालतं, तो ऑइलवर तरंगायलाच बनवलाय. आत-बाहेर सरकला, किंवा पात्यांच्या कडा घासल्यासारख्या चकाकत असतील, तर मात्र टर्बोचीच पाळी आहे.

उशिरा येणाऱ्या ताकदीला बिघाड समजणं

नवीन मालकाची हमखास तक्रार: ‘खाली दमच नाही, मग एकदम लाथ मारते.’ गाडी ठीक आहे. कमी आरपीएमवर टर्बो झोपलेला असतो आणि खाली उरतं ७.२ कॉम्प्रेशनचं ४९७ सीसी इंजिन. उशीर होतो तो या दोन कारणांनी, आणि दुसरं, म्हणजे उतरवलेलं कॉम्प्रेशन, होंडाने हिशेबाने पत्करलेलं आहे. सर्वाधिक टॉर्क ५,००० आरपीएमला येतो. ओव्हरटेक करायचं तर आधी गिअर खाली घ्या, इंजिन फिरतं ठेवा, मग मूठ पिळा. वळणाच्या मध्यावर, गाडी झुकलेली असताना, ओल्या रस्त्यावर मूठ पिळून वाट बघत बसणं सोडा. ताकद येईल तेव्हा टायर जमिनीवर असेलच असं नाही.

टर्बो कुठे बसवलाय यावरही हे अवलंबून असतं. यामाहाच्या १९८२ च्या एक्सजे६५० टर्बोत तो इंजिनाच्या मागे खाली, वायूला लांबचा प्रवास करायला लावणारा, शिवाय इंधनाला कार्ब्युरेटरच. सुझुकीच्या १९८३ च्या एक्सएन८५ मध्ये सिलिंडरांच्या मागे गिअरबॉक्सवर. १९८४ ची कावासाकी जीपीझेड७५० टर्बो या सगळ्यांत उशिरा आली आणि शहाणी होऊन आली: टर्बो इंजिनाच्या पुढ्यात, एक्झॉस्टच्या तोंडांजवळ, ११२ बीएचपी. चालवायला या चौघींत तीच सरस, हे होंडाचा चाहता असूनही मान्य करावं लागतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी कावासाकीचीच जीपीझेड९००आर टर्बोशिवाय ११५ बीएचपी देत शोरूममध्ये उभी राहिली, हलकी आणि सरळ स्वभावाची. पुढची एक-दोन वर्षं सरली आणि चारही कंपन्यांनी टर्बो गुंडाळला.

५०० की ६५०, हे फक्त आकड्यावरून ठरवणं

होंडाने स्वतःच्या चुका सगळ्यात लवकर दुरुस्त केल्या. १९८३ ची सीएक्स६५० टर्बो: ६७४ सीसी, कॉम्प्रेशन ७.८, बूस्ट थोडा कमी, ताकद १०० बीएचपी. खालचा दम वाढला, लाथ कमी झाली. पण त्या गाड्या निघाल्या अवघ्या १,७७७. दोन्ही दिसायला बहिणी असल्या तरी ५०० चा भाग ६५० ला बसेलच असं धरून चालू नका. ऑर्डर करण्याआधी पार्टचा नंबर जुळवा, विकणाऱ्याच्या ‘दोन्हीला चालतो’ वर जाऊ नका.

रोज-दोन रोजांनी चालवायची असेल आणि सुट्या भागांसाठी दारोदार फिरायची तयारी असेल तर ६५० घ्या. १९८२ ची ती वेडी हौसच हवी असेल तर ५०० घ्या, पण वीज १४ व्होल्टला पोहोचते आणि मागचं भोक कोरडं राहतं याची खात्री झाल्यावरच. कुणी सुटा टर्बो, कंप्युटर आणि मूळ एक्झॉस्टसकट मोडकी गाडी स्वस्तात देत असेल तर तीही सोबत उचला. चालती गाडी पुढे रस्त्यावर राहते ती असल्याच मोडक्या गाडीच्या जिवावर.